लेकरू पाण्यात पडलं तर: सोलापूर जिल्ह्यातल्या आईबापांचे नेहमीचे प्रश्न

हे पान निवांतपणी वाचायचं आहे. पण आत्ता समोर लेकरू बेशुद्ध पडलं असेल तर एवढंच करा: सपाट जागेवर उताणं झोपवा. श्वास चालत नसेल तर तोंडाने ५ श्वास द्या, मग छातीच्या मधोमध ३० वेळा दाबा, पुन्हा २ श्वास, पुन्हा ३० दाब, आणि थांबू नका. शेजारच्या माणसाला १०८ लावायला सांगा. बाकीचं नंतर वाचा.

सोलापुरात प्यायला पाणी पुरेना, बुडायला कुठलं आलं?

टंचाई आहे म्हणून तर साठा आहे. शहरात नळाला रोज पाणी येत नाही. त्यामुळे पाणी सुटलं की हौद, बॅरल, घागरी, बादल्या, सगळं काठोकाठ भरून ठेवायची सवय आपल्या हाडात मुरलेली आहे. जुन्या पेठेतला वाडा असो की विडी घरकुलातली खोली, रांगणाऱ्या लेकराच्या हाताच्या अंतरावर कुठं ना कुठं पाणी असतंच. खेड्यात विहिरी पहिल्यापासून होत्या. त्यात २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली आणि डाळिंब-द्राक्षाच्या पट्ट्यात शेततळी वाढली. शिवाय उजनीचा फुगवटा आहे, त्याचे कालवे आहेत, भीमा आणि सीना आहे, हिप्परगा तलाव आहे.

वयाप्रमाणे ठिकाण बदलतं. तीन वर्षांच्या आतलं लेकरू बहुधा घरातल्या किंवा दारातल्या पाण्यात सापडतं. शाळकरी पोरं हौद, शेततळं, नाल्यातला खड्डा इथं. मिसरूड फुटायच्या वयातली विहिरीत, कालव्यात, नदीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ साली जगभरात सुमारे ३ लाख माणसं बुडून गेली. त्यातला जवळजवळ पाव हिस्सा पाच वर्षांखालच्या लेकरांचा होता.

बादलीत कुणी बुडतं का?

बुडतं. चालायला शिकणाऱ्या लेकराचं डोकं बाकीच्या अंगाच्या मानाने जड असतं. बादलीत वाकून बघताना ते तोल जाऊन डोक्यावर जातं आणि हातात परत वर यायची ताकद नसते. भरलेली बादली त्याच्या वजनाने उलटतही नाही. नाकतोंड झाकेल एवढं, चार-पाच बोटं खोल पाणी पुरतं.

बुडताना लेकरू ओरडेल, हात मारेल, तेव्हा कळेलच ना?

या एका समजुतीपायी फार लेकरं गेली आहेत. बुडणारं लेकरू ओरडत नाही, कारण ओरडायला श्वास लागतो आणि तोंड पाण्याच्या वर येईल तेवढ्या क्षणात ते फक्त हवा घ्यायला धडपडतं. हात वर करून हलवणंही जमत नाही, हात आपोआप पाणी खाली दाबत राहतात. लांबून बघणाऱ्याला वाटतं, पोरगं उभं राहून खेळतंय. डोकं मागे कललेलं, तोंड पाण्याच्या रेषेशी, नजर हरवलेली, हाक मारली तर उत्तर नाही, एवढं दिसलं की धावा. आणि खेळणारी पोरं एकदम गप्प झाली तर तिकडे बघा.

लेकरू दिसेना झालंय. आधी कुठं शोधायचं?

आधी पाणी. घर, गल्ली, मामाचं घर, किराणा दुकान हे सगळं नंतर. लेकरू दुकानात असेल तर दहा मिनिटांनीही तिथंच सापडेल. पाण्यात असेल तर दहा मिनिटं त्याच्याकडे नाहीत. हौदाचं झाकण उघडून आत टॉर्च मारा, बॅरलमध्ये हात घालून बघा, बाथरूम बघा, शेजारच्या बांधकामावरची टाकी बघा, कारण बांधकामाच्या टाकीला झाकण क्वचितच असतं. वस्तीवर असाल तर एकाने विहिरीकडे आणि एकाने शेततळ्याकडे पळायचं. काठावर चप्पल दिसली तर समजून जा, पण चप्पल नाही म्हणून पुढे जाऊ नका.

मला पोहता येत नाही. मी काय करू शकतो?

पुष्कळ. फक्त उडी मारू नका. आपल्याकडे एका लेकरामागे आई, आईमागे काका अशा दोन-दोन, तीन-तीन माणसांच्या बातम्या येतात, त्या याच उडीमुळे. बुडणारं माणूस, लहान असलं तरी, जे हाती लागेल त्याला मिठी मारतं आणि खाली दाबतं. पोहणाऱ्यालाही हे जड जातं.

काठावर पालथे झोपा आणि काहीतरी पुढे करा: बांबू, लाकडी शिडी, ठिबकची जाड नळी, सोडलेली साडी, दोन उपरणी गाठ मारून. हात देऊ नका, वस्तू द्या, म्हणजे तोल गेलाच तर तुम्हाला सोडता येईल. अंतर जास्त असेल तर तरंगणारं काहीतरी फेका. झाकण घट्ट लावलेला रिकामा प्लास्टिकचा कॅन सगळ्यात चांगला, आणि तो जवळजवळ प्रत्येक शेतात असतो. हवा भरलेली ट्यूब, थर्माकोलचा खोकाही चालेल. कॅनला आधी दोर बांधा, मग फेका. आणि मोठ्याने ओरडत राहा. माणसं जमवणं हेही मदतीचंच काम आहे.

शेततळ्यात पडलं तर वेगळं काय?

शेततळं फसवं असतं. पाणी स्थिर, निळं, काठ नीटनेटका, आणि उताराला ५०० मायक्रॉनचा कागद. त्या कागदावर शेवाळ धरलं की मोठ्या पैलवानालाही पाय रोवता येत नाही. पोहता येणारी माणसंही काठाला येऊन घसरत परत आत जातात. म्हणून वाचवायला उतरणाऱ्याने कमरेला दोर बांधल्याशिवाय आणि दोराचं दुसरं टोक काठावरच्या दोघांनी धरल्याशिवाय उतरूच नये. शेजारी ट्रॅक्टर किंवा झाड असेल तर टोक त्याला बांधा. शिडी असेल तर उतारावर आडवी टाका, तिच्या पायऱ्यांवर पकड मिळते.

शेततळं तुमचं असेल तर आजच एक काम करा. जाड दोराला हातभर अंतरावर गाठी मारा आणि चारही बाजूंनी तो पाण्यात सोडून ठेवा, वरचं टोक पक्क्या खुंटीला. एका आडव्या दोरावर दोन-तीन कॅन तरंगत ठेवा. कुंपण आणि कुलूप लावायचं ते आहेच, पण कुंपण ओलांडून पोरं जातात हे आपण सगळे जाणतो. कागदाला हजारो रुपये घालणारा शेतकरी दोराला दोनशे रुपये घालत नाही, याचं मला दर वेळी नवल वाटतं.

आणि विहिरीत?

विहिरीत मोटर असेल तर उतरायच्या आधी स्टार्टर बंद करा, फ्यूज काढा. ओल्या विहिरीत वायर उघडी पडली असेल तर उतरणाराही जातो. विहीर खोल, अरुंद किंवा बरेच दिवस बंद असेल तर खाली हवा खराब असू शकते. डिझेल इंजिन आत चालू होतं अशा विहिरीत तर उतरूच नका, अग्निशमन दलाला १०१ वर किंवा ११२ वर बोलवा.

वर काढायला जुन्या माणसांची युक्ती अजून तोड नाही अशी: बाज उलटी करायची, चारही पायांना दोर बांधायचे आणि खाली सोडायची. लेकरू तिच्यात आडवं ठेवून वर ओढता येतं. दोरच बांधायचा झाला तर काखेखालून, गळ्याजवळून नाही. पण पायऱ्यांची विहीर असेल आणि लेकरू श्वास घेत नसेल, तर वर येईपर्यंत थांबू नका. पहिली सपाट पायरी मिळाली की तिथंच तोंडाने श्वास द्यायला सुरुवात करा. वर यायला जाणारी चार मिनिटं पुढे कुठल्याच दवाखान्यात परत मिळत नाहीत.

कालवा किंवा नदी असेल तर?

आवर्तन सुटलेलं असेल तर कालव्यातलं पाणी वरून संथ दिसलं तरी ओढ जबर असते. गोधड्या धुवायला गेलेल्या बायकांबरोबरची पोरं यात सापडतात. पडलेल्या जागी उभं राहून उपयोग नाही. वाहत्या दिशेने काठाकाठाने पुढे पळा, लेकराच्या पुढे जा आणि तिथून दोर किंवा कॅन फेका. पुढच्या पुलावर फोन करून माणसं उभी करता आली तर फारच उत्तम. पंढरपुरात चंद्रभागेच्या पात्रात वाळू उपशाचे खड्डे आहेत. गुडघाभर पाण्यातून चालताना पुढचं पाऊल डोक्याइतक्या पाण्यात पडू शकतं, तेव्हा वारीत लेकराचा हात घाटावरच धरा. उजनीच्या पाण्यात बोटीत बसवायचं तर लाइफ जॅकेट अंगावर हवं. मे २०२४ मध्ये कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले.

बाहेर काढलं. आता आधी पोटातलं पाणी काढायचं ना?

नाही. पाय धरून उलटं लटकवणं, खांद्यावर टाकून पळणं, गरगर फिरवणं, पोट दाबणं, हे सगळं बंद. बुडणाऱ्याचा जीव पोटातल्या पाण्याने जात नाही, अंगात प्राणवायू पोचत नाही म्हणून जातो. फुप्फुसात गेलेलं पाणी असं लटकवून बाहेर येत नाही. जे येतं ते पोटातलं, आणि ते येताना श्वासनलिकेत शिरण्याची भीती असते. बघणाऱ्यांना वाटतं, पाणी निघालं, आता वाचेल. तेवढ्यात मेंदूची मोलाची मिनिटं जातात. गर्दीतला एखादा वडीलधारा ‘उलटं धरा’ म्हणून ओरडेलच. त्याला नम्रपणे १०८ लावायच्या कामाला लावा.

मग नेमकं काय करायचं? क्रमाने सांगा.

उताणं झोपवा. खांदा हलवून मोठ्याने हाक मारा. प्रतिसाद नसेल तर कपाळावर एक हात ठेवून डोकं किंचित मागे करा, दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी हनुवटी उचला. तान्हं असेल तर डोकं मागे न झुकवता सरळ ठेवा. छाती वरखाली होते का बघा, नाकाशी गाल नेऊन श्वास जाणवतो का बघा, दहा सेकंदांच्या आत. मधूनच आचका दिल्यासारखा एखादा श्वास येत असेल तर तो श्वास धरू नका. त्याचा अर्थ श्वास बंद आहे असाच घ्या.

आता ५ श्वास. वर्षाच्या पुढच्या लेकराचं नाक चिमटीत धरा, तोंडावर तोंड घट्ट लावा आणि साधारण सेकंदभर फुंका, छाती उचललेली दिसेल एवढंच. वर्षाच्या आतल्या बाळाचं नाक आणि तोंड दोन्ही तुमच्या तोंडात येतात, तिथं गालातली हवाच पुरते. छाती उचलली नाही तर डोक्याची ठेवण बदलून पुन्हा द्या. तोंडात चिखल, पालापाचोळा दिसत असेल तो काढा, पण न दिसणाऱ्या वस्तूसाठी बोट आत घालून चाचपडू नका. प्रथमोपचाराच्या काही वर्गांत सुरुवातीला २ श्वास शिकवतात. तसं शिकला असाल तर तसंच करा, त्यावरून वाद घालत बसू नका.

पाच श्वासांनंतरही हालचाल, खोकला, नीट श्वास काही नसेल तर छाती दाबा. जागा: छातीच्या मधल्या हाडाचा खालचा अर्धा भाग, पोट नव्हे. बाळाला दोन्ही हातांनी छातीभोवती धरून दोन अंगठ्यांनी, लेकराला एका तळव्याने, मोठ्या मुलाला दोन्ही हातांनी. खोली छातीच्या जाडीच्या एक तृतीयांश, म्हणजे बाळाला सुमारे ४ सेंटिमीटर, लेकराला ५. वेग मिनिटाला १०० ते १२०, सेकंदाला दोनला थोडं कमी. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्या. ३० दाब, २ श्वास, ३० दाब, २ श्वास. दोघेही हे शिकलेले असाल तर १५ दाब, २ श्वास.

एकटेच असाल आणि फोन लांब असेल तर एक-दोन मिनिटं हे करून मग फोनकडे जा. फोन खिशात असेल तर १०८ लावून स्पीकरवर ठेवा आणि हात चालू ठेवा.

नुसती छाती दाबली तर चालणार नाही का? तोंडाला तोंड लावायला नको वाटतं.

मोठ्या माणसाचं हृदय अचानक बंद पडतं तेव्हा रक्तात प्राणवायू शिल्लक असतो, म्हणून तिथं नुसतं दाबणंही बरंच काम करतं. बुडालेल्या लेकराच्या रक्तातला प्राणवायू संपलेला असतो. ते रक्त नुसतं फिरवून काय मिळणार? इथं श्वास हेच औषध. ओठांवर रुमाल टाकून दिला तरी चालेल. अगदीच जमत नसेल तर काहीच न करण्यापेक्षा नुसतं दाबा.

बरगडी मोडली तर?

लहान लेकराची सहसा मोडत नाही. मोडलीच तर भरून येते.

तोंडातून फेस येतोय, उलटी होतेय.

फेस येणारच. तो पुसत बसू नका, त्यातूनच श्वास द्या. उलटी मात्र वेगळी: अख्खं अंग एका कुशीवर वळवा, तोंड साफ करा, पुन्हा उताणं करून पुढे सुरू. छाती दाबताना निम्म्याहून जास्त वेळा उलटी होतेच, घाबरून थांबू नका. लेकरू स्वतः श्वास घ्यायला लागलं पण शुद्धीत नसेल तर कुशीवर झोपवून ठेवा, ओले कपडे काढा, कोरडं गुंडाळा आणि डोळे त्याच्या छातीवर ठेवा. श्वास परत थांबू शकतो.

गाडीवर मध्ये बसवून दवाखान्यात पळवलं तर लवकर होणार नाही का?

मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बेशुद्ध लेकरू, मान लोंबकळतेय, हे दृश्य जिल्ह्यात सगळ्यांनी पाहिलंय. त्या गाडीवर श्वास कुणीच देत नाही. मूल श्वास घेत नसेल तर जिथं आहे तिथं श्वास आणि दाब सुरू करा आणि मदत तिथं येऊ द्या. रुग्णवाहिकेला फारच वेळ लागणार असं कळलं तर चारचाकी मिळवा, मागच्या सीटवर किंवा टेम्पोच्या हौद्यात आडवं ठेवून दोघांनी मागे बसून चालू ठेवा. आणि थेट सोलापूरचं सिव्हिल गाठायचा हट्ट धरू नका. करमाळ्याहून ते शंभर किलोमीटरच्या वर आहे. जवळचं ग्रामीण रुग्णालय, जिथं ऑक्सिजन आहे, ते पहिलं.

१०८ ला वस्तीचा पत्ता कसा सांगायचा?

गाव आणि तालुका आधी, कारण एकाच नावाची गावं दोन तालुक्यांत असतात. मग मोठ्या रस्त्यावरची खूण: शाळा, कारखान्याचा वजनकाटा, मंदिर, डीपी. ‘लहान मूल बुडालंय, श्वास नाही’ हे शब्द स्पष्ट बोला. एका पोराला गाडी घेऊन फाट्यावर उभं करा, म्हणजे चालक वस्त्या शोधत फिरणार नाही. समोरच्याने ‘ठेवा’ म्हणेपर्यंत फोन ठेवू नका.

पोलीस केस होईल म्हणून दवाखाना परत पाठवेल का?

नोंद होऊ शकते, पण उपचार आधी. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली परमानंद कटारा खटल्यात हे स्पष्ट केलं आहे की जीव वाचवणं हे सरकारी आणि खासगी, दोन्ही डॉक्टरांचं पहिलं कर्तव्य, कागदपत्रं नंतर.

लेकरू रडायला लागलं, बोलायला लागलं. आता घरी नेऊ?

श्वास द्यावे लागले असतील, क्षणभरही शुद्ध हरपली असेल, किंवा खोकला, धाप, सुस्ती यातलं काहीही असेल तर दवाखान्यात न्याच. फुप्फुसाला झालेली इजा पुढच्या काही तासांत वाढू शकते, म्हणून बहुतेक ठिकाणी सहा-आठ तास नजरेखाली ठेवतात आणि बोटाला यंत्र लावून प्राणवायू मोजत राहतात. डॉक्टरांना सांगा: अंदाजे किती वेळ पाण्यात, कसलं पाणी, श्वास कधी परत आला, उलटी झाली का, आधीपासून आकडी येते का. आकडी येणाऱ्या लेकराला पाण्याजवळ एकटं कधीच सोडू नये, अगदी आंघोळीलाही.

नुसता ठसका लागला आणि दोन मिनिटांत पोरगं खेळायला लागलं असेल तर दिवसभर लक्ष ठेवणं पुरे. खोकला थांबेना, बरगड्या आत ओढल्या जाऊ लागल्या, ओठ निळसर दिसले, अवेळी झोप यायला लागली तर उठून निघा.

‘कोरडं बुडणं’ म्हणून मेसेज येतात: पोहून आलेलं मूल आठवड्याने गेलं म्हणे.

डॉक्टरी शास्त्र हा प्रकार मानत नाही. त्रास वाढणार असेल तर तो त्याच दिवशी, काही तासांत दिसतो. आठवडाभर हसत-खेळत असलेलं मूल पोहण्यामुळे अचानक जात नाही. त्याला दुसरं कारण असतं.

मिठात पुरून ठेवलं तर जीव परत येतो, हे खरं आहे का?

साफ खोटं. या मेसेजपायी मृत लेकरांना तासन् तास मिठाच्या ढिगात ठेवण्याचे प्रकार झाले आहेत. असा मेसेज आला तर पुढे पाठवू नका, आणि पाठवणाऱ्याला फोन करून सांगा.

फवारणीच्या टाकीत पडलं तर?

द्राक्ष-डाळिंबाच्या बागांत हा प्रश्न खराच आहे. वर सांगितलेलं सगळं करायचंच, शिवाय कपडे लगेच काढून अंग भरपूर स्वच्छ पाण्याने धुवायचं आणि श्वास देण्याआधी तोंड पुसून घ्यायचं. औषधाची बाटली किंवा पुडा दवाखान्यात सोबत न्या. त्यावरच्या नावावरून उपचार ठरतो.

किती वेळ पाण्यात असलेलं लेकरू वाचू शकतं?

पाच-सहा मिनिटांच्या आत बाहेर आलं आणि लगेच श्वास मिळाले तर पुष्कळदा चांगलं बरं होतं. २५ मिनिटांच्या पुढे आशा फार थोडी. परदेशात बर्फाच्या तळ्यातून तासाभराने वाचलेल्या मुलांच्या गोष्टी खऱ्या आहेत, पण आपल्या कोमट पाण्याला त्या लागू नाहीत. काठावर उभं राहून मात्र वेळेचा हिशेब करू नका. लोकांचे अंदाज फार चुकतात. लेकरू श्वास घेईपर्यंत, मदत येईपर्यंत किंवा तुमचे हात पुरते गळेपर्यंत चालू ठेवा.

पाठीला डबा बांधून पोहायला शिकवलं की झालं ना?

शिकवा, जरूर शिकवा. डबा, वाळलेला भोपळा, ट्यूब, आपल्या कितीतरी पिढ्या यावरच शिकल्या. पण डबा सुटतो, गाठ सैल पडते, तेव्हा शिकवणारा हाताच्या अंतरावर पाण्यातच हवा, काठावर मोबाइल बघत बसलेला नको. शांत विहिरीत पोहणाऱ्या पोराला कालव्याची ओढ ठाऊक नसते, हेही लक्षात घ्या. पोरांना एक गोष्ट घोकून घ्या: मित्र बुडत असेल तर उडी मारायची नाही, ओरडायचं आणि कॅन फेकायचा.

घरात आजपासून काय बदलू?

हौदाला उचलायला जड झाकण आणि कडी. बॅरलचं तोंड झाकून वर दगड. बाथरूमची कडी बाहेरून, वरच्या बाजूला. वापरून झालेली बादली पालथी. पाणी सुटतं त्या गडबडीच्या तासात सगळे नळाकडे धावतात आणि लेकराकडे कुणीच नसतं. त्या तासापुरतं एकाच माणसावर, नाव घेऊन, लेकराची जबाबदारी द्या. ‘सगळ्यांनी लक्ष ठेवा’ म्हटलं की कुणीच ठेवत नाही.

सीपीआर, म्हणजे हे श्वास आणि दाब देणं, शिकायचं कुठं?

रेड क्रॉस आणि सेंट जॉन ॲम्ब्युलन्स प्रथमोपचाराचे वर्ग घेतात, काही मोठी रुग्णालयंही घेतात. गावात वर्ग भरवायचा असेल तर अंगणवाडी सेविका, आशा ताई आणि शाळेच्या मुख्याध्यापकांना एकत्र बोलवा, म्हणजे एका फेरीत काम होतं. एक गोष्ट आधीच विचारून घ्या: सामान्य लोकांना आपल्याकडे बऱ्याचदा फक्त छाती दाबायचा प्रकार शिकवतात. शिकवणाऱ्याला सांगा की आम्हाला बुडालेल्या लेकरासाठी तोंडाने श्वास देणं शिकायचंय, आणि मोठ्या माणसाच्या पुतळ्याबरोबर बाळाचा पुतळाही घेऊन या.